कुर्डुवाडीचा सांधा बोटाच्या टोकावर : मोबाइलवरच पायथनमध्ये खेळ कसा लिहायचा?

हातातला मोबाइल खेळायला पुरतो, तसा खेळ लिहायलाही पुरतो. त्यासाठी लॅपटॉप असलाच पाहिजे असे नाही. पायथन ही संगणकभाषा, एक मोफत ॲप आणि शाळेत शिकलेले ‘अंतर म्हणजे वेग गुणिले काळ’ हे सूत्र एवढ्या भांडवलावर साधा टच-गेम उभा राहतो. तो लिहिताना आणखी एक गोष्ट कळते. आपण रोज खेळतो त्या खेळांत हार-जीत नेमकी कोण ठरवते, हे आतून दिसते. कुर्डुवाडी जंक्शनवर बेतलेल्या एका छोट्या खेळाच्या आधारे ही प्रक्रिया समजून घेऊ.

कुर्डुवाडीच का?

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातल्या कुर्डुवाडीत रेल्वेचे दोन मार्ग एकमेकांना भेटतात. एक पुणे-दौंडकडून सोलापूरकडे जाणारा मुख्य मार्ग आणि दुसरा मिरज-पंढरपूरकडून बार्शी-लातूरकडे जाणारा. हा दुसरा मार्ग म्हणजे जुन्या पिढीच्या तोंडची ‘बार्शी लाइट’. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरच्या प्रयत्नांतून १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी ही अवघ्या ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांची गाडी सुरू झाली. हे रूळ १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचले. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत ही छोटी लाइन टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली.

जंक्शनवर गाडी कुठल्या वाटेने जाणार हे सांधा ठरवतो. रेल्वेतली माणसे त्याला ‘पॉइंट’ म्हणतात. रुळाची दोन टोके काही सेंटिमीटर इकडची तिकडे झाली की पंढरपूरची गाडी बार्शीच्या वाटेला लागेल. संगणकाच्या प्रोग्रॅममध्येही असाच सांधा असतो. ‘अमुक असेल तर हे कर, नसेल तर ते कर’ या अटीला पायथनमध्ये ‘इफ’ आणि ‘एल्स’ म्हणतात. म्हणून पहिल्या खेळासाठी जंक्शन हा सोपा विषय आहे.

खेळ असा : फोन उभा धरायचा. वरून, म्हणजे दौंडकडून, एक गाडी खाली येते. पडद्याच्या मधल्या भागात सांधा आहे. तिथून डावीकडची वाट पंढरपूरला जाते, उजवीकडची बार्शीला. गाडीच्या रंगावरून ती कुठली हे ओळखायचे आणि गरज असेल तर पडद्यावर टॅप करून सांधा बदलायचा. गाडी योग्य वाटेला लागली की एक गुण, चुकली की खेळ संपला. प्रत्येक गाडीनंतर वेग थोडा वाढतो. खऱ्या यार्डातले मार्ग इतके सोपे नसतात, पण खेळाला एवढे पुरे.

काय काय लागते?

पायथन ही भाषा गिडो व्हॅन रॉसम या डच प्रोग्रॅमरने तयार केली आणि १९९१ मध्ये ती लोकांसमोर आली. नाव अजगरावरून पडलेले नाही. ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून ते घेतले आहे. भाषा मोफत आहे आणि वाचायला सोपी आहे. सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये हीच भाषा शिकवली जाते.

नुसत्या पायथनला पडदा, बोट, रंग हे काही कळत नाही. त्यासाठी ‘लायब्ररी’ म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या कामांची पेटी लागते. टच पडद्यासाठीची अशी एक पेटी म्हणजे ‘किवी’. ती २०११ पासून उपलब्ध आहे आणि तीही मोफत आहे. एकाच वेळी अनेक बोटांचे स्पर्श ओळखणे हा तिच्या रचनेचाच भाग आहे.

अँड्रॉइड फोनवर हे सगळे चालवायला ‘पायड्रॉइड ३’ हे ॲप प्ले स्टोअरवर मिळते. त्यात कोड लिहायची जागा, चालवायचे बटण आणि कोडला लागणाऱ्या चिन्हांची जादा पट्टी असते. एकदा तयारी झाली की लिहिलेला प्रोग्रॅम इंटरनेटशिवाय चालतो. किवी आधीच बसवलेली नसेल तर ॲपमधल्याच ‘पिप’ या पर्यायातून ती मागवता येते. या पहिल्या वेळेस मात्र नेट लागते, तेव्हा वायफाय असेल तर बरे. आयफोनसाठी वेगळी ॲप आहेत. हा लेख अँड्रॉइड डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे.

खेळ म्हणजे आतून काय?

पडद्यावर रूळ दिसतील, गाडी धावेल, पण फोनच्या दृष्टीने हा सगळा खेळ पाच आकड्यांचा आहे.

उंची : गाडीचे इंजिन पडद्याच्या तळापासून किती वर आहे.
वेग : गाडी दर सेकंदाला किती खाली सरकते.
गाव : गाडी कुठे जायची आहे. पंढरपूरसाठी ०, बार्शीसाठी १.
सांधा : रूळ सध्या कुठे जोडलेला आहे. इथेही पंढरपूर ० आणि बार्शी १.
गुण : आतापर्यंत किती गाड्या बरोबर गेल्या.

या पाच आकड्यांना प्रोग्रॅमिंगमध्ये ‘व्हेरिएबल’ म्हणतात, गणिताच्या पुस्तकातले ‘चल’. विशेष म्हणजे पायथन ३ मध्ये ही नावे थेट मराठीत लिहिता येतात. ‘गुण = ०’ किंवा ‘सांधा = १’ असे देवनागरी नाव पायथनला चालते. भाषेचे स्वतःचे राखीव शब्द, म्हणजे ‘इफ’, ‘एल्स’, ‘डेफ’ हे मात्र इंग्रजी अक्षरांतच लागतात. कोडमधले आकडेही इंग्रजी कळफलकावरचे घ्यावे लागतात. या लेखात ते मराठीत छापले आहेत, टाइप करताना तेवढे बदला.

आकडे ठरले की उरतात ते नियम, आणि ते दोनच प्रसंगी लागतात. एक, घड्याळाचा ठोका पडला की काय करायचे. दोन, बोट टेकले की काय करायचे. साधे टच-गेम बहुतेक याच दोन प्रश्नांच्या उत्तरांवर उभे असतात.

बोट टेकले की फोनला काय कळते?

काचेखाली विजेचे वहन करणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या रेषांची जाळी असते. आपले शरीरही विजेचे वाहक आहे. बोट काचेला लागले की त्या ठिकाणी जाळीतल्या विद्युतभारात सूक्ष्म बदल होतो. फोनमधली एक चिप हा बदल कुठे सर्वात जास्त आहे ते मोजते आणि जागा ठरवते. पावसाचे थेंब काचेवर पडले की फोन वेड्यासारखा वागतो आणि साधा हातमोजा घातला की दाद देत नाही, त्याचे कारण हेच.

पायथनपर्यंत हा सगळा प्रवास दोन आकड्यांच्या रूपात येतो : बोट आडव्या दिशेने कुठे आहे आणि उभ्या दिशेने कुठे. ७२० बाय १६०० पिक्सेलच्या पडद्यावर अगदी मध्यभागी टॅप केले तर किवी सांगते ३६० आणि ८००. किवी मोजणी डावीकडच्या खालच्या कोपऱ्यापासून करते, शाळेतल्या आलेखासारखी. अनेक दुसऱ्या लायब्ररी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजतात. नेटवरचा कोड जसाच्या तसा उचलला आणि गाडी उलटी धावू लागली, तर पहिला संशय इथे घ्यावा.

किवीमध्ये स्पर्शाचे तीन क्षण वेगवेगळे कळतात : बोट टेकले, बोट सरकले, बोट उचलले. त्यांची नावे ऑन टच डाऊन, ऑन टच मूव्ह आणि ऑन टच अप. कोडमध्ये शब्दांच्या मध्ये अधोरेषा येते. आपल्याला फक्त पहिला क्षण हवा. बोट टेकले की एकच ओळ चालवायची :

सांधा = १ - सांधा

सांधा ० असेल तर १ होतो, १ असेल तर ०. एका वजाबाकीत रूळ बदलला. बोट नेमके कुठे टेकले याच्याशी या खेळाला देणेघेणे नाही, म्हणून ते दोन आकडे सोडून दिले तरी चालतात.

गाडी पळते कशी?

गाडी खरे तर पळत नाही. सिनेमासारखी ती प्रत्येक चित्रात थोडी पुढे काढली जाते. किवीतल्या ‘क्लॉक’ला सांगायचे की हे फंक्शन सेकंदाला ६० वेळा बोलाव. प्रत्येक वेळी उंची थोडी कमी करायची आणि गाडी नव्या जागी काढायची.

इथे एक मोह होतो : दर वेळी सरळ ५ पिक्सेल वजा करायचे. पण चांगल्या फोनवर सेकंदाला ६० चित्रे होतात आणि जुन्या फोनवर कदाचित ३०. म्हणजे तोच खेळ जुन्या फोनवर अर्ध्या वेगाने चालेल आणि जुना फोनवाला फुकटचा जिंकेल. यावर उपाय शाळेतलाच. मागच्या ठोक्यापासून किती वेळ गेला हे किवी दर वेळी सांगते. त्या वेळेला वेगाने गुणायचे आणि येईल तेवढे अंतर वजा करायचे. चित्रे कमी झाली तर प्रत्येक पाऊल मोठे होते, पण गाडी सांध्याला पोहोचते ती वेळेवरच.

वेगही पिक्सेलमध्ये ठरवू नये, कारण प्रत्येक फोनचा पडदा वेगळा. ‘दर सेकंदाला पडद्याच्या उंचीचा पाचवा हिस्सा’ असे ठरवले की सगळीकडे सारखेच चालते. १६०० पिक्सेलच्या पडद्यावर हा वेग ३२० पिक्सेल होईल.

पहिली चूक कुठे होते?

समजा, सांधा ७०० या उंचीवर आहे. नवशिका लिहितो : ‘उंची ७०० असेल तर सांधा तपास.’ वाचायला बरोबर वाटते. खेळ चालवला तर गाडी सांधा ओलांडून खुशाल खाली निघून जाते. गुण नाही, हारही नाही.

कारण तपासून पाहा. वेग ३२०, सेकंदाला ६० ठोके, म्हणजे एका पावलात ५.३३ पिक्सेल. १६०० पासून निघालेली गाडी १६८व्या पावलाला ७०४ वर असते आणि १६९व्याला ६९८.६७ वर. ७०० वर ती कधी नसतेच. म्हणून अट अशी लिहायला हवी : मघाची उंची ७०० पेक्षा जास्त होती आणि आताची ७०० किंवा त्याहून कमी आहे का? म्हणजे गाडीने सांधा या पावलात ओलांडला का? ओलांडला असेल तर गाव आणि सांधा हे दोन आकडे सारखे आहेत का ते पाहायचे. सारखे असतील तर गुण एकने वाढवायचा, नसतील तर खेळ थांबवायचा.

इंटरलॉकिंग कशासाठी?

दुसरी चूक याहून मजेदार आहे. गाडी सांध्यावर असताना खेळाडूने पुन्हा टॅप केले तर? आकडा बदलतो आणि गाडी मधूनच उडी मारून दुसऱ्या रुळावर दिसते.

खऱ्या रेल्वेत असे झाले तर डबे घसरतील. म्हणून तिथे इंटरलॉकिंग असते. गाडीला मार्ग दिल्यावर आणि ती त्यावरून जात असेपर्यंत तो सांधा हलवताच येऊ नये, अशी सिग्नल आणि सांधे यांची एकमेकांत गुंतवलेली कुलूपव्यवस्था. माणूस चुकला तरी यंत्रणेने चुकू नये, हा त्यामागचा विचार आहे.

आपल्या खेळातही कुलूप लावायचे. गाडी सांध्यापासून पडद्याच्या विसाव्या भागाइतक्या अंतरावर आली की टॅपकडे दुर्लक्ष करायचे. १६०० पिक्सेलच्या पडद्यावर हे अंतर ८० पिक्सेल, म्हणजे सुरुवातीच्या वेगाने पाव सेकंद. शिवाय सांधा ओलांडला त्या क्षणीचा मार्ग वेगळा लक्षात ठेवायचा आणि पुढे गाडी त्याच वाटेने काढायची. दोन-तीन ओळींचे काम आहे. पण चांगला प्रोग्रॅम फक्त बरोबर वापरणाऱ्यासाठी लिहून चालत नाही, चुकणाऱ्याचाही विचार करावा लागतो, हे त्यातून पक्के होते.

हार कोण ठरवते?

आता खेळातली सर्वात महत्त्वाची ओळ. प्रत्येक बरोबर गाडीनंतर :

वेग = वेग × १.०५

दर गाडीला फक्त पाच टक्के वाढ. खेळणाऱ्याला ती जाणवतही नाही. पण ही चक्रवाढ आहे, सावकाराच्या व्याजासारखी. हिशोब करून पाहू. पहिली गाडी सांध्यापर्यंत यायला २.८ सेकंद घेते. १५ गाड्या गेल्यावर वेग दुपटीच्या वर जातो आणि हाच वेळ १.३५ सेकंद उरतो. ३० गाड्यांनंतर ०.६५ सेकंद. ५० गाड्यांनंतर पाव सेकंदापेक्षाही थोडा कमी, आणि त्यातलाही काही भाग कुलूपबंद.

डोळ्यांनी पाहून, ओळखून, बोट हलवायला साधारण माणसाला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. म्हणजे पन्नाशीच्या पुढे कुणीही फक्त नशिबाने टिकेल. खेळाडूला वाटते, ‘थोडक्यात हुकले, पुन्हा एकदा.’ प्रत्यक्षात त्याची हार खेळ सुरू होण्यापूर्वीच एका ओळीत लिहिलेली होती. १.०५ ऐवजी १.०२ लिहा, आणि ५० गाड्यांनंतरही एक सेकंदाहून थोडा जास्त वेळ मिळतो. खेळाडू तोच, बोट तेच. लिहिणाऱ्याने एक आकडा बदलला.

पुढची गाडी कुठली हेही असेच ठरते. पायथनमधले ‘रँडम’ ० किंवा १ यातले काहीही देते. लिहिणाऱ्याला वाटले तर तो सलग दहा पंढरपूरच्या गाड्या पाठवून खेळाडूला सवय लावू शकतो आणि अकरावी बार्शीची काढून त्याला पाडू शकतो. पडद्याकडे पाहून यातला फरक ओळखता येत नाही. तो कोडमध्येच दिसतो.

पैशांच्या खेळांशी याचा संबंध काय?

एका टॅपच्या खेळाची ताकद जगाने पाहिली ती ‘फ्लॅपी बर्ड’मध्ये. व्हिएतनामच्या डाँग नुयेन याने मे २०१३ मध्ये हा खेळ आणला. टॅप केले की पक्षी वर, सोडले की खाली, एवढेच. २०१४च्या सुरुवातीला तो जगभर पसरला, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये नुयेनने तो स्वतःहून काढून घेतला. लोकांना त्याचे व्यसन लागते आहे, हे कारण त्याने दिले. त्या खेळात पैसे लावायचे नव्हते, तरीही ही गत.

पैसे लावायचे असतील तर काय होते, हे महाराष्ट्रातल्या अनेक घरांना वेगळे सांगायला नको. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा केला. २० ऑगस्टला लोकसभेत आणि २१ला राज्यसभेत विधेयक मंजूर झाले, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे म्हणवोत वा नशिबाचे, त्यांची जाहिरात आणि त्यांचे आर्थिक व्यवहार यांवर या कायद्याने बंदी घातली. ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायच्या खेळांना मात्र प्रोत्साहन देण्याची भूमिका घेतली.

कायदा आपल्या जागी आहे. पण ज्या मुलाने स्वतःच्या हाताने १.०५ लिहून मित्रांना एकापाठोपाठ एक हरताना पाहिले आहे, त्याला ‘कौशल्य दाखवा आणि जिंका’ ही जाहिरात वेगळी दिसते. ‘या खेळातला तो आकडा कुणाच्या हातात आहे?’ हा प्रश्न तो विचारतो. घरात मोबाइलवरून रोज वाद होत असतील, तर मुलांसोबत बसून असा एक खेळ लिहिणे हा उपदेशापेक्षा उपयोगी मार्ग ठरू शकतो.

मराठी अक्षरे का मोडतात?

गाडी फक्त रंगाने ओळखायची ठेवली तर रंगांध खेळाडूची अडचण होईल. म्हणून गाडीवर ‘पं’ आणि ‘बा’ लिहावे. इथे एक अडथळा येतो. किवीच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी अक्षरे नाहीत, त्यामुळे पडद्यावर नुसते चौकोन दिसतात. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्त यासारख्या मोफत फाँटची फाइल प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये ठेवून तिचे नाव कोडमध्ये द्यावे लागते.

त्यानंतरही अनेकदा जोडाक्षरे विस्कटतात. ‘कुर्डुवाडी’ हा शब्दच घ्या. त्यात र नंतर डु येतो, पण रफार डोक्यावर चढतो. अक्षरे टाइप होतात त्या क्रमाने न काढता त्यांची जुळणी करावी लागते, आणि हे काम प्रत्येक सॉफ्टवेअर नीट करत नाही. सोपी पळवाट अशी : स्थानकाचे नाव आणि गाडीवरची अक्षरे दुसऱ्या ॲपमध्ये चित्र म्हणून तयार करा आणि खेळात ते चित्र वापरा. गुण दाखवायला आकडेच लागतात, तिथे अडचण येत नाही.

लाल अक्षरे दिसली तर?

प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात क्वचितच चालतो. चूक झाली की पायथन इंग्रजीत लांबलचक मजकूर दाखवतो. घाबरू नका, शेवटची ओळ आधी वाचा. चुकीचा प्रकार तिथे असतो आणि कितव्या ओळीत घोळ आहे ते तिच्या थोडे वर लिहिलेले असते.

फोनवर लिहिणाऱ्यांच्या चुका बहुतेक तीन जागी होतात. पहिली, ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा. पायथनमध्ये कुठली ओळ कुणाच्या पोटात आहे हे या जागेवरून ठरते. चार जागा सोडायच्या ठरवल्या तर सगळीकडे चारच. दुसरी, अवतरणचिन्हे. दुसऱ्या ॲपमधून चिकटवलेल्या मजकुरात ती वळणदार येतात आणि पायथनला सरळ चिन्हेच चालतात. तिसरी, शब्दाचे लेखन. ‘सांधा’ एकदा अनुस्वाराने आणि एकदा ‘सान्धा’ लिहिले तर पायथनच्या लेखी ते दोन वेगळे चल आहेत.

मित्रांच्या फोनवर कसा पाठवायचा?

सर्वात सोपा आणि सुरक्षित मार्ग म्हणजे कोडची फाइल पाठवणे. मित्राकडे तेच ॲप असेल तर तो ती उघडेल, वाचेल आणि चालवेल. व्हॉट्सॲपवर कोड संदेश म्हणून चिकटवू नका, फाइल म्हणून जोडा. संदेशातल्या चांदण्या आणि अधोरेषा ही व्हॉट्सॲपला ठळक-तिरप्या अक्षरांची खूण वाटते आणि कोड बिघडलेला दिसतो.

स्वतंत्र ॲप हवे असेल तर एपीके फाइल बनवावी लागते. त्यासाठी किवीच्याच मंडळींचे ‘बिल्डोझर’ हे साधन आहे. मात्र ते लिनक्स किंवा मॅकवर चालते आणि पहिल्या वेळी बरेच गिगाबाइट सामान डाउनलोड करते. म्हणजे या टप्प्यावर संगणक लागतो. शाळा-कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा ओळखीच्या संगणकावर हे एकदा करून घेता येईल. प्ले स्टोअरवर टाकायचे तर गुगलकडे एकदाच २५ डॉलरची नोंदणी करावी लागते. नव्या वैयक्तिक खात्यांना १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घेण्याचीही अट आहे.

एक सावधगिरी. ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘वाहनाचे चलन’ अशा नावाने आलेली एपीके फाइल उघडून लोकांची बँक खाती रिकामी झाली आहेत, आणि पोलिस त्याबद्दल वारंवार बजावत असतात. एपीकेच्या आत काय आहे ते साध्या डोळ्यांनी वाचता येत नाही. कोड वाचता येतो. म्हणून ‘आमचा खेळ आहे, बिनधास्त टाक’ असे सांगून मित्रांना अनोळखी एपीके उघडायची सवय लावू नका.

पायथन पुढे किती साथ देते?

स्पष्ट सांगायचे तर मोबाइलचे मोठे खेळ पायथनमध्ये लिहिले जात नाहीत. त्यासाठी युनिटी, गोडो अशी खास साधने वापरतात, आणि अँड्रॉइडच्या ॲपसाठी कोटलिन ही भाषा. पायथनचा खेळ एपीकेत बांधताना पायथनचा सगळा दुभाषा सोबत द्यावा लागतो, त्यामुळे एवढ्याशा खेळाचा आकारही मोठा होतो आणि वेगही थोडा मार खातो. पण पाच आकडे, घड्याळाचा ठोका, बोटाचा स्पर्श, ओलांडल्याची अट आणि कुलूप या गोष्टी कुठल्याही भाषेत अशाच राहतात. त्या एकदा समजल्या की भाषा बदलणे जड जात नाही.

सुरुवात कशी करायची?

सगळे एकाच दिवशी लिहायला बसू नये. पाच संध्याकाळी पाच टप्पे करावेत. पहिल्या दिवशी पडद्यावर फक्त एक चौकोन काढा, तीच गाडी. दुसऱ्या दिवशी तिला वरून खाली आणा. तिसऱ्या दिवशी टॅप केल्यावर सांधा बदलताना दिसू द्या. चौथ्या दिवशी ओलांडल्याची अट आणि गुण. पाचव्या दिवशी वेगवाढ आणि कुलूप. प्रत्येक टप्प्याला प्रोग्रॅम चालला पाहिजे, मगच पुढे. शंभर ओळींच्या आत हे बसते.

पायथनची तोंडओळख मराठीतून हवी असेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे धडे मोफत ऐकता येतात. किवीच्या अधिकृत माहितीत ‘पाँग’ हा चेंडू-फळीचा खेळ पायरी पायरीने लिहून दाखवला आहे, तो सरावाला उत्तम. भाषा इंग्रजी असली तरी कोड ओळखीचा वाटेल.

खेळ तयार झाला की तो घरातल्या कुणाला तरी खेळायला द्या आणि किती गाड्यांवर ते हरतात ते लिहून ठेवा. मग १.०५ चा आकडा बदला, पुन्हा द्या आणि फरक पाहा. शेवटी त्यांना ती ओळ दाखवा आणि पुढचा आकडा त्यांनाच निवडू द्या.